सिम्पसन्सच्या फळ्यावरची गणितं नुसती सजावट असतात का?

नाही हो, अगदी मुद्दाम घातलेली असतात. ‘द सिम्पसन्स’ या अमेरिकी कार्टून मालिकेत मागे क्षणभर दिसणाऱ्या समीकरणांना काही अर्थ असतो का, असं तुम्ही विचारलंय. माझं सगळ्यात आवडतं सांगतो.

१९९८च्या एका भागात मालिकेतल्या कुटुंबप्रमुखाला, होमरला, संशोधक व्हायची हुक्की येते. तो फळ्यावर लिहितो: ३९८७ आणि ४३६५ यांच्या बाराव्या घातांची बेरीज म्हणजे ४४७२चा बारावा घात. फर्माच्या शेवटच्या प्रमेयानुसार (दोनपेक्षा मोठा घात घेतला तर दोन धन पूर्णांकांच्या घातांची बेरीज तिसऱ्याच्या त्याच घाताइतकी कधीच होत नाही) हे अशक्य, आणि त्याची गणितज्ञ अँड्र्यू वाइल्स यांनी दिलेली सिद्धता १९९५मध्येच छापून आली होती. पण दहा अंक दाखवणाऱ्या सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर करून बघा, दोन्हीकडे एकच आकडा! दोन्ही उत्तरं ४४ अंकी, आणि पहिले दहा अंक तंतोतंत सारखे. लबाडी अकराव्या अंकात आहे.

पकडायची तर शाळेतली तीनची कसोटी पुरते. ३+९+८+७ म्हणजे २७, ४+३+६+५ म्हणजे १८, म्हणजे डावीकडच्या दोन्ही संख्यांना तीनने भाग जातो. ४४७२च्या अंकांची बेरीज १७, तिला जात नाही. खेळ खलास.

असे आकडे शोधायला लेखक डेव्हिड कोहेननी चक्क एक प्रोग्राम लिहिला होता. गडी अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाचा संगणकशास्त्राचा एम.एस. त्याआधी सिम्पसन्सच्याच १९९५च्या भागात त्याने तसेच बाराव्या घातात १७८२, १८४१ आणि १९२२ वापरले होते, पण त्यात सम अधिक विषम बरोबर सम असा घोळ होता. लोकांनी तो लगेच पकडला. पुढच्या वेळी मग जरा सांभाळून!

हाच कोहेन पुढे ‘फ्युचरामा’ या दुसऱ्या कार्टून मालिकेत गेला आणि तिथे आपले रामानुजन भेटतात. इंग्रज गणितज्ञ हार्डींच्या टॅक्सीचा तो १७२९ आठवतोय ना, दोन घनांची बेरीज म्हणून दोन प्रकारे लिहिता येणारा? तिथल्या निंबस या अंतराळयानाचा क्रमांक बीपी-१७२९ आहे. याच मालिकेवरच्या ‘बेंडर्स बिग स्कोअर’ या चित्रपटात तर एका टॅक्सीचाच नंबर ८७५३९३१९ आहे, आणि ही संख्या तशीच तीन प्रकारे लिहिता येते. हे कळलं तेव्हा मी एकटाच मोठ्याने हसलो होतो.

बाकी नटनट्यांवरचे टोमणे वगैरे मला फारसे भावत नाहीत, शिळे होतात. पण ‘फ्युचरामा’चा २०१०चा शरीरांच्या अदलाबदलीचा भाग जरूर बघा. त्यातलं शरीरं बदलणारं यंत्र त्याच दोघांची पुन्हा अदलाबदल करू शकत नाही, मग सगळ्यांना मूळ शरीरात आणायचं कसं? लेखक केन कीलर गणितात पीएच.डी., त्यांनी त्यासाठी नवं प्रमेयच मांडून सिद्ध केलं: बाहेरची दोन माणसं आणली की काम होतं. पूर्ण सिद्धता पडद्यावर फळ्यावर दिसते, तेवढं तिथे पॉज करा.