छोट्या मालवाहू व्हॅनच्या टायरवरचे आकडे कसे वाचायचे आणि गाडीत वजन नक्की किती टाकायचं?

तुमचा प्रश्न मला असा समजला की केटरिंगसाठी जुनी छोटी मालवाहू व्हॅन घेतलीये, १२ इंची टायर आहेत, चारही गोटा झालेत (नक्षी झिजून गुळगुळीत), आणि दुकानदार म्हणतोय की कारचेच टाका, साइज तीच आहे, स्वस्त पडतील आणि गाडी मऊ चालेल. आणि टायरवरच्या आकड्यांतलं काही कळत नाहीये.

आधी सरळ उत्तर देतो, कारचे टाकू नका. साइज तीच आहे हे तो खरं बोलतोय पण अर्धंच. माझं टायरचं दुकान नाही, आमच्याकडे नाशिक साइडला भाजीपाल्याच्या छोट्या गाड्या आहेत, टोमॅटो भरून कसारा घाट उतरायचा म्हणजे टायर वाचायला शिकावंच लागतं.

आता असं करा, गाडीच्या बाजूला उकिडवे बसा आणि ओल्या फडक्याने टायरची साइड पुसून घ्या. तुमच्या गाडीला कंपनीकडून बहुतेक १४५ आर १२ एलटी ८ पीआर असं काहीतरी असणार (टाटा एसला हीच साइज यायची), आणि दुकानदार जे देतोय ते १४५/८० आर १२ ७४टी असेल. १४५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ८० म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के ते, आणि जिथे हा आकडा लिहिलेलाच नसतो तिथे तो साधारण ८० च्या आसपास धरायचा, म्हणूनच दोन्ही टायर शेजारी ठेवले तर सारखेच दिसतात. आर म्हणजे रेडियल, आणि आरच्या जागी नुसती आडवी रेघ असेल तर ते ज्याला आपण नायलॉन टायर म्हणतो ते. एका ॲक्सलवर एक रेडियल आणि एक नायलॉन असं कधीच नको, ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढते. १२ म्हणजे डिस्कचा व्यास इंचात. इथपर्यंत सगळ्यांना येतं, खरा खेळ पुढच्या आकड्यात आहे.

साइजच्या पुढे जो दोन किंवा तीन आकडी नंबर आणि त्याला चिकटून एक अक्षर असतं, त्यातला नंबर म्हणजे लोड इंडेक्स. ते किलो नाहीत, तो एक कोड आहे आणि त्याचा तक्ता असतो. ७४ म्हणजे एका टायरवर ३७५ किलो. ८० म्हणजे ४५०, ८४ म्हणजे ५००, ८६ म्हणजे ५३०, ९० म्हणजे ६००, पुढे १०० म्हणजे ८०० आणि १०८ म्हणजे १००० किलो. आणि १४५ आर १२ च्या एलटी ८ पीआर टायरवर साधारणपणे ८६/८४ असं दिसतं. तिरप्या रेघेच्या आधीचा आकडा टायर एकटा असेल तर, नंतरचा ट्रकसारखे मागे जोडी टायर असतील तर. तुमच्या गाडीला मागे एकेकच टायर आहे म्हणजे ८६ बघायचा, ५३० किलो. आता तुम्हीच बघा, साइज एक, दिसायला एक, बसतो पण त्याच डिस्कवर, आणि वजन उचलण्यात एका टायरमागे दीडशे किलोपेक्षा जास्त फरक.

अक्षर म्हणजे स्पीडची मर्यादा. एन १४०, पी १५०, क्यू १६०, आर १७०, एस १८०, टी १९०. माल भरलेल्या छोट्या गाडीला त्यातलं काहीच लागत नाही, त्यामुळे दुकानदार "हा टी आहे बघा साहेब, १९० पर्यंत चालतो" म्हणून भारी सांगत असेल तर ते ऐकून सोडून द्या. पीआरबद्दल (प्लाय रेटिंग, प्लाय म्हणजे थर) मात्र एक गैरसमज काढून टाका. ८ पीआर म्हणजे आत आठ थर असतात असं पुष्कळ लोक छातीठोकपणे सांगतात, पूर्वी सुती धाग्याचे थर असायचे तेव्हा ते खरं होतं, आता थर कमीच असतात पण ताकद तेवढ्या थरांएवढी धरतात. काही टायरवर पीआरऐवजी लोड रेंज लिहितात, त्यात सी म्हणजे ६ पीआर, डी म्हणजे ८ आणि ई म्हणजे १०. एलटी म्हणजे लाइट ट्रक, युरोपच्या पद्धतीच्या टायरवर त्याच अर्थाने साइजच्या शेवटी नुसता सी असतो, तो या लोड रेंजच्या सीपेक्षा वेगळा.

आणि एक खूण जी दुकानात कोणी सांगत नाही. आपल्याकडे टायरवर आयएसआयचा मार्क सक्तीचा आहे, त्या मार्कच्या वर बारीक अक्षरात आयएस नंबर असतो. १५६३३ असेल तर तो टायर प्रवासी कारसाठीच्या स्टँडर्डचा, १५६३६ असेल तर कमर्शियल गाडीसाठीचा. मोबाइलचा टॉर्च मारून बघा, सेल्समनने कितीही गोड बोललं तरी हा नंबर बदलत नाही.

आता वजन. तुम्ही विचारलंय "किती टाकू शकतो", तर हिशोब टायरपासून सुरू नका करू, आरसीपासून करा. आरसीवर दोन वजनं असतात, अनलेडन म्हणजे रिकाम्या गाडीचं आणि जीव्हीडब्ल्यू म्हणजे सगळं धरून जास्तीत जास्त. समजा रिकामी ८५० आणि जीव्हीडब्ल्यू १६०० (तुमचे आकडे वेगळे असतील, ते टाका), तर उरले ७५०. यात ड्रायव्हर आणि शेजारचा माणूस पण आला, म्हणजे १४० गेले, राहिले ६१०. ऐकायला भरपूर वाटतं. पण केटरिंगचं सामान मोजा जरा. कमर्शियल सिलिंडरमध्ये गॅसच १९ किलो आणि वर टाकीचं वजन, म्हणजे भरलेला एक ३५ किलोच्या वर जातो. पाण्याचा २० लिटरचा जार २० किलोचा, १५ जार टाकले की ३०० किलो तिथेच संपले. मग पातेली, शेगड्या, परातीतलं कापलेलं सामान, तांदळाची पोती, टेबलं. आणि वर वाढपी पोरं मागे बसवतात हो लोक, ते तर करूच नका, मालाच्या गाडीत मागे माणसं बसवणं बेकायदेशीर आहे आणि सहा पोरं म्हणजे साडेतीनशे किलो सहज, ते वजन कोणी धरतच नाही.

बरं, एकूण वजन जीव्हीडब्ल्यूमध्ये बसलं म्हणजे झालं असंही नाही, कारण ते चारही चाकांवर सारखं वाटलं जात नाही. अशा गाडीत इंजिन, ड्रायव्हर सगळं पुढे, रिकामी असताना पुढचं चाक जास्त दबलेलं असतं, आणि माल भरला की जवळजवळ सगळा भार मागच्या ॲक्सलवर जातो. त्यामुळे एकदा तुमच्या नेहमीच्या ऑर्डरएवढं सामान भरून गाडी भुईकाट्यावर न्या, मार्केट यार्डाजवळ किंवा स्टीलवाल्यांच्या लाइनीत कुठेही असतो. आधी पूर्ण गाडी तोला, मग पुढची चाकं काट्याच्या खाली उतरवून फक्त मागची चाकं ठेवून तोला. काटेवाला थोडा कुरकुर करेल, दोन पावत्यांचे पैसे द्या, करतो. समजा मागच्या ॲक्सलचं ९८० आलं, तर एका चाकावर ४९०. आता वरचा तक्ता आठवा, एलटी टायर ५३० घेतो म्हणजे बसलं, थोडं शिल्लक पण आहे. कारचा ७४ वाला ३७५ घेतो, म्हणजे प्रत्येक टायर ११५ किलो ओव्हरलोड, तेही गाडी आरसीच्या मर्यादेत असताना! पोलिसांच्या लेखी तुम्ही कायद्यात आणि टायरच्या लेखी तुम्ही ओव्हरलोड.

याचं उलटंही लोक करतात. चार गुणिले ५३० म्हणजे २१२०, मग २१२० पर्यंत भरता येईल ना? नाही. जीव्हीडब्ल्यू हा टायरचा आकडा नाही, त्यात ब्रेक, ॲक्सल, बेअरिंग, चासी सगळं आलं. १० पीआर टाकले म्हणून गाडीची पासिंग, म्हणजे आरसीवरची वजनाची मर्यादा, वाढत नाही. आणि मागे स्प्रिंगचे जादा पाटे टाकून घेतात ना गाडी बसू नये म्हणून, त्याने गाडी फक्त दिसायला सरळ उभी राहते, टायरवरचं आणि ब्रेकवरचं वजन एक किलोनेही कमी होत नाही, उलट आपण किती भरलंय हे डोळ्यांना कळायचंच बंद होतं. मला विचाराल तर जादा पाटे हा सगळ्यात फसवा खर्च आहे.

कायद्याचंही सांगून टाकतो, २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये ओव्हरलोडला २०,००० रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० लिहिलाय, शिवाय जादा माल तिथेच उतरवायचा, खर्च आपला. लग्नाच्या ऑर्डरला जाताना रस्त्यात पातेली उतरवत बसायची वेळ आली तर दंडापेक्षा ते महागात पडेल.

आता हवा, आणि इथेच जास्त घोळ होतो. टायरच्या साइडला बारीक अक्षरात मॅक्स लोड आणि त्याच्यापुढे किती प्रेशरला ते लिहिलेलं असतं, बऱ्याचदा केपीएमध्ये. केपीएला ६.९ ने भागलं की आपला पीएसआय मिळतो, म्हणजे ४५० केपीए लिहिलं असेल तर साधारण ६५. याचा अर्थ तो टायर ५३० किलो उचलतो पण ६५ हवा असेल तरच, हवा कमी तर ताकद पण कमी. पंक्चरवाल्याकडे गेलं की तो न विचारता सगळ्या छोट्या गाड्यांना ३०-३५ मारतो कारण त्याच्या डोक्यात कार बसलेली असते. एलटी टायर घेतला आणि त्यात कारची हवा भरली तर जादा पैसे कशाला दिले? मात्र रोज ६५ च मारा असं मी म्हणत नाहीये, तो टायरचा वरचा टोकाचा आकडा आहे. गाडीच्या दरवाज्याच्या चौकटीवर किंवा मॅन्युअलमध्ये पुढचं-मागचं, रिकामी-भरलेली असे वेगळे आकडे असतात ते पाळा. आणि कारच्या टायरमध्ये ६५ भरून तो एलटी होत नाही, हा प्रयोग कोणी सुचवला तर त्या माणसाकडे परत जाऊ नका.

हवा नेहमी थंड टायरमध्ये तपासायची, सकाळी निघण्याआधी. चालून आल्यावर प्रेशर वाढलेलं दिसणारच, ते बघून हवा काढू नका, टायर गार झाला की कमी भरेल. कमी हवा आणि जास्त वजन असलं की टायरची भिंत प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते आणि सुटते, त्यातून आत उष्णता तयार होते, रबर आणि आतले धागे-तारा एकमेकांपासून सुटायला लागतात आणि मग फुटतो. म्हणून बघा, टायर खड्ड्यांच्या रस्त्यावर फुटण्यापेक्षा गुळगुळीत रस्त्यावर दुपारच्या उन्हात सलग चालवताना फुटतात. समृद्धीवर वैदर्भीय उन्हाळ्यात तासन्‌तास एकाच वेगाने चाललेली गाडी, खाली तापलेलं काँक्रीट आणि ३० वर उतरलेली हवा, ही गोष्ट कुठे जाते ते वेगळं सांगायला नको.

जुन्या टायरची तारीख पण बघायला शिका. टायरच्या साइडला डीओटी या अक्षरांनी सुरू होणारी ओळ असते, तिच्या शेवटी चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ च्या २३ व्या आठवड्यात बनलेला. ही तारीख बऱ्याचदा एकाच बाजूला असते, आतल्या बाजूला आली असेल तर खाली वाकून बघावं लागतं. केटरिंगची गाडी सीझनला पळते आणि बाकी वर्ष उन्हात उभी असते, त्यामुळे नक्षी शाबूत पण रबर कडक आणि साइडला बारीक भेगा, असं तुमच्याकडे होणार. पाच-सहा वर्षांनंतर दरवर्षी नीट तपासून घ्या, भेगा किंवा फुगा दिसला की बदला, आणि दहाच्या पुढे कितीही चांगला दिसला तरी नको. नक्षीच्या खाचेत मध्ये मध्ये उंचवटे असतात, साइडला टीडब्ल्यूआय लिहिलेलं असतं तिथे, नक्षी त्या उंचवट्याला टेकली म्हणजे १.६ मिलिमीटर उरली, कायद्याने तिथे टायर संपला. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी असायची, मधलाच पट्टा झिजला असेल तर जास्त. तुमचे काढलेले टायर फेकायच्या आधी हे बघून घ्या, आधीच्या मालकाने गाडी कशी वापरली ते कळेल.

रिमोल्ड (जुन्याच टायरवर नवी नक्षी चढवलेला) पुढच्या चाकाला मी लावत नाही, आणि एवढ्या छोट्या साइजला त्यात वाचतात तरी किती.

पैसे एकदम चारचे होत नसतील तर निदान मागचे दोन एलटी आधी घ्या, पण पुढचे पण गोटाच आहेत म्हणताय, तर तोपर्यंत माल भरून घाटाकडे जाऊ नका. आणि स्टेपनी काढून बघा, जुन्या गाडीत हमखास तिथे कोणीतरी कारचा टायर ढकललेला असतो. तसा निघाला तर तो फक्त गाडी रिकामी करून जवळच्या दुकानापर्यंत न्यायला धरायचा.