क्रीडास्पर्धा, डेटा आणि पर्यावरण: या वाटेवर नोकरी आहे का?

प्रश्न: मी साताऱ्यात बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. शाळेत खो-खो खेळायचे, आता इथल्या मॅरेथॉनला स्वयंसेवक असते. स्पर्धेनंतर रस्त्यावरचे कप आणि बाटल्या उचलताना वाटतं की याच प्रश्नावर काम करावं. माझ्या शिक्षणाचा त्यात उपयोग होईल का? बाबा म्हणतात, आधी आयटीत लाग. एका संस्थेने स्पोर्ट्‌स मॅनेजमेंटच्या अभ्यासक्रमासाठी बरीच मोठी फी सांगितली आहे. काय करू?

उत्तर: काम आहे. पण 'सस्टेनेबिलिटी मॅनेजर' (स्पर्धेचा पर्यावरणावरचा भार कमी ठेवणारा) अशा पदाची जाहिरात शोधत बसलीस तर हाती फार थोडं लागेल. आपल्याकडे हे काम टायमिंग (म्हणजे खेळाडूंची वेळ नोंदवणं), तिकीटविक्री, वाहतूक, वीज आणि मैदानाची देखभाल यांच्या पोटात असतं. तिथूनच आत शिरावं लागतं.

2016 साली तू शाळेत असशील. मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी जात होतं, त्याच उन्हाळ्यात मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिलनंतरचे आयपीएल सामने राज्याबाहेर हलवायला सांगितले. मुंबईत ठरलेला अंतिम सामना बंगळुरूला झाला. त्या सुनावणीत वारंवार एकच विचारलं जात होतं: मैदानाला किती पाणी लागतं, ते कुठून येतं, पिण्याचं की प्रक्रिया केलेलं? ही उत्तरं रोजच्या नोंदीतून देता यायला हवीत. मीटर, सेन्सर आणि नीट ठेवलेला डेटाबेस लागतो, आणि ते तुझ्या शिक्षणातलं काम आहे.

तू कप उचलतेस त्या मॅरेथॉनचंच बघ. बिबमागे, म्हणजे छातीवरच्या क्रमांकाच्या पट्टीमागे, चिकटवलेली चिप रस्त्यावर अंथरलेल्या मॅटवरून जाताना धावपटूची वेळ नोंदवते. निकाल लागला की ही माहिती बहुधा पडून राहते. पण कोणत्या टप्प्यावर किती वाजता किती जण पोहोचले हे तिच्यातून कळतं, म्हणजे कुठल्या पाणी-केंद्रावर किती पाणी आणि किती कप लागतील याचा अंदाज पुढच्या वर्षी आधीच बांधता येतो. कचरा उचलण्यापेक्षा तो होऊच न देणं जास्त मोलाचं, आणि तेच मला तुझ्याकडून व्हावंसं वाटतं.

कप डोळ्यांना दिसतात. मोठ्या स्पर्धांत कार्बन उत्सर्जनाचा सर्वांत मोठा वाटा मात्र बहुतेकदा लोकांच्या प्रवासाचा असतो, त्यातही विमानाचा. नोंदणीच्या अर्जात पिनकोड आणि 'कशाने येणार?' एवढे दोन रकाने असले तरी बस कुठून सोडाव्यात हे ठरवता येतं. आणि तंत्रज्ञानाने सगळं सुटतं असंही समजू नकोस. एकदाच वापरायची चिप शेवटी कचऱ्यातच जाते, मोठे एलईडी पडदे डिझेल जनरेटरवर चालतात. पॅरिस 2024 ऑलिंपिकने सुमारे 95 टक्के ठिकाणं आधीचीच किंवा तात्पुरती वापरली आणि जनरेटरऐवजी शक्य तिथे ग्रिडची वीज घेतली. नवं बांधकाम टाळण्याचा निर्णय कुठलंही ॲप घेत नाही, तो माणसांनाच घ्यावा लागतो. म्हणून आयएसओ 20121 हे पर्यावरणाचं भान ठेवून कार्यक्रम घेण्याचं आंतरराष्ट्रीय मानक समजून घे. लंडन ऑलिंपिकच्या निमित्ताने 2012 साली आलं, 2024 मध्ये सुधारलं गेलं. ते कार्यक्रमाचं नियोजन आणि जबाबदाऱ्या कशा आखायच्या ते सांगतं.

फी आत्ता भरू नकोस. संस्थेला विचार, मागच्या दोन बॅचची मुलं आज नेमकी कुठे काम करतात? त्यांतल्या दोघा-तिघांशी स्वतः फोनवर बोल. उत्तर गोलमोल आलं तर विषय सोड. बाबांचं म्हणणं मला पटतं, फक्त आयटीतलं काम निवडून घे: डेटा, जीआयएस (नकाशाला जोडलेली माहिती) किंवा सेन्सरशी संबंधित. एसक्यूएल आणि पायथॉन पक्कं कर, जीआयएससाठी क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर मोफत आहे. सुट्टीच्या दिवशी टायमिंग कंपन्यांसाठी काम कर. या क्षेत्रात सुरुवातीला काम हंगामी आणि कंत्राटी असतं, पहाटे तीनला उठावं लागतं, हे घरी आधीच सांगून ठेव. 2030 ची राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धा अहमदाबादला व्हायची आहे. तोवर तुझ्याकडे सांगण्यासारखा अनुभव जमलेला असावा.

त्यासाठी यंदाच्या मॅरेथॉनचा अहवाल तयार कर. ओला, सुका कचरा वेगवेगळा तोलून घे. जनरेटरला किती लिटर डिझेल लागलं ते विचार (एका लिटरमागे साधारण 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड धर). घनकचऱ्याच्या 2016 च्या नियमांतही शंभराहून अधिक लोकांच्या कार्यक्रमात कचरा वेगळा करण्याची जबाबदारी आयोजकावर होती, त्यामुळे हे आकडे त्यांनाही उपयोगी पडतील. दहा पानांचा असा अहवाल मुलाखतीत कुठल्याही प्रमाणपत्राआधी पाहिला जाईल असं मला वाटतं.

आयोजकांकडे चिपची आणि नोंदणीची माहिती मागताना पत्रातच लिही की नावं, मोबाइल नंबर आणि आरोग्याचे तपशील वगळूनच द्या. वैयक्तिक डेटाच्या संरक्षणाचा कायदा 2023 साली झाला आहे आणि तो तू वाचला आहेस हेही त्यांना कळेल.