‘बोल्ट’ला चेक भाषेत काय म्हणावे?

लाकडी फाटक बसवण्याच्या एका इंग्रजी सूचनापत्रकाचा चेक अनुवाद तपासताना एका वाचकाला अडचण आली. त्या पत्रकात ‘बोल्ट’ हा शब्द दोन ठिकाणी येतो: एकदा बिजागऱ्या फळ्यांना आणि खांबाला जखडण्यासाठी, आणि एकदा फाटक आतून बंद करण्यासाठी. शब्दकोशात त्याच्यापुढे श्रोउब, झावोरा, झास्तृच्का, स्वोर्न्यीक, झाव्येर, ब्लेस्क आणि शिप्का असे प्रतिशब्द एका ओळीत दिलेले आढळले. यांतला नेमका कोणता घ्यावा, अशी त्यांची विचारणा आहे. बिजागरीसाठी ‘श्रोउब’ आणि फाटक बंद करण्यासाठी ‘झास्तृच्का’ किंवा ‘झावोरा’, हे त्याचे थेट उत्तर झाले. पण ते असेच का, आणि उरलेले शब्द कुठे वापरायचे, हे समजले नाही तर पुढच्या पत्रकात पुन्हा तीच अडचण येईल, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आधी उच्चारांविषयी. वरच्या शब्दांतला ‘झ’ हा ‘माझा’मधल्या ‘झ’सारखा म्हणावा, ‘झेंडा’मधल्यासारखा नव्हे. ‘झास्तृच्का’मध्ये ‘र’ला स्वतःचा स्वर नाही, तोच स्वराचे काम करतो. संस्कृतातला ‘ऋ’ मुळात असाच होता, त्यामुळे ती जोडणी देवनागरीत ‘ऋ’ने दाखवणे मला योग्य वाटते. ‘श्रोउब’ लिहिताना शेवटी ‘ब’ असला तरी चेक उच्चारात शब्दाच्या टोकाचे घोष व्यंजन अघोष होते, म्हणून कानावर ‘श्रोउप’ असे पडते. अनेकवचनी ‘श्रोउबी’ म्हटले की ‘ब’ पुन्हा ऐकू येतो.

इंग्रजी ‘बोल्ट’चा सर्वांत जुना अर्थ आखूड, जाड बाण हा आहे. जर्मनमधला ‘बोल्त्सेन’ हा त्याचा सख्खा नातलग. त्या बाणाच्या आकारावरून जाड खिळीला आणि दाराच्या सरकत्या दांड्याला हे नाव मिळाले, त्याच्या वेगावरून कोसळणाऱ्या विजेला आणि उधळलेल्या घोड्याच्या क्रियेला मिळाले. म्हणजे इंग्रजीत हे सगळे अर्थ एकाच बाणातून निघालेले आहेत. चेक भाषेने या वस्तूंकडे पाहताना तो बाण मनात ठेवलेला नाही, त्यामुळे तिथे एका शब्दाची अपेक्षा धरणेच चुकीचे ठरते.

कारखान्यातल्या अर्थी प्रमुख शब्द ‘श्रोउब’. तो जर्मन ‘श्राउबे’वरून आलेला आहे. इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते: इंग्रजीत ‘स्क्रू’ आणि ‘बोल्ट’ हे दोन शब्द आहेत, चेकमध्ये त्या दोहोंना बहुधा ‘श्रोउब’च म्हणतात. आंतरराष्ट्रीय मानकांत याचा चांगला दाखला मिळतो. आयएसओ 4014 हे मानक षटकोनी डोक्याच्या, काही भागच आटे असलेल्या नगाचे आहे आणि इंग्रजीत त्याला ‘बोल्ट’ म्हटले आहे. आयएसओ 4017 मधल्या नगाला डोक्यापर्यंत आटे असतात आणि इंग्रजीत त्याचा ‘स्क्रू’ होतो. चेकमध्ये दोन्ही श्रोउबच; दुसऱ्याच्या वर्णनात केवळ ‘डोक्यापर्यंत आटे असलेला’ एवढी भर पडते. उलट, टोकदार आणि लाकडात स्वतः वाट काढत जाणारा जो स्क्रू असतो, त्याला चेक सुतार ‘व्रुत’ हा स्वतंत्र शब्द वापरतात. म्हणजे इंग्रजीची सीमारेषा एका ठिकाणी आहे आणि चेकची दुसऱ्या. इंग्रजी शब्द पाहून चेक शब्द निवडण्यापेक्षा, त्या नगाला नट लागतो की तो थेट लाकडात फिरतो, हे पाहून निवड करावी.

नटला चेकमध्ये ‘मात्यित्से’ म्हणतात आणि बोलताना सरळ ‘मात्का’, म्हणजे आई. जर्मनमध्येही नटला आईवाचक ‘मुटर’ हाच शब्द आहे. हाच ‘मात्यित्से’ गणितातल्या मॅट्रिक्सचाही शब्द आहे, आणि 1831 मध्ये प्रागला चेक ग्रंथांच्या प्रकाशनासाठी स्थापन झालेल्या ‘मात्यित्से चेस्का’ या संस्थेच्या नावातही तोच आहे, त्यामुळे शोध घेताना या तिन्ही गोष्टी एकत्र समोर आल्या तर गोंधळून जाऊ नये. खाण्याच्या ‘नट’ला मात्र ‘ओर्झेख’ म्हणतात (यातला ‘र्झ’ हा संगीतकार द्वोर्झाक यांच्या नावातलाच), आणि गंमत अशी की हा ओर्झेखही कारखान्यात सापडतोच, पण नट म्हणून नव्हे, तर नटावर बसणारा पान्याचा सॉकेट म्हणून. इंग्रजी ‘नट’साठी कोशातून ओर्झेख उचलला, तर दुकानदार सॉकेट काढून देईल. पान्यांना तिथे आकड्यावरूनच नावे आहेत: एम6 बोल्टला लागणारा 10 मिलिमीटरचा पाना म्हणजे ‘देसीत्का’. आपल्याकडे गॅरेजमध्ये ‘दहा-अकराचा पाना दे’ म्हणतात, त्याच वळणाचे हे आहे.

‘स्वोर्न्यीक’ हा शब्द श्रोउबपेक्षा अरुंद अर्थाचा आहे. दोन भागांतून आरपार जाऊन त्यांना एकत्र आवळून धरणारी खिळी किंवा पिन, असा त्याचा यंत्रशास्त्रातला अर्थ. वास्तुकलेत हाच शब्द गॉथिक छताच्या कमानी जिथे एकत्र येतात त्या मधल्या दगडाला लावतात. सर्वसाधारण अनुवादात तो न वापरलेलाच बरा.

आता दाराकडे वळू, कारण मला स्वतःला या शब्दांचा हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. ‘झावोरा’ म्हणजे दारावर आडवा बसणारा दांडा, आपला अडसर. रेल्वे फाटकाच्या आडव्या दांड्यांनाही झावोरीच म्हणतात. बंदुकीच्या बोल्टला ‘झाव्येर’ म्हणतात, आणि हाच शब्द निष्कर्ष किंवा समारोप या अर्थीही रोज वापरला जातो. झावोरा, झाव्येर आणि वरचा स्वोर्न्यीक हे तिन्ही शब्द एकाच स्लाव्ह धातूचे आहेत, ज्यापासून ‘बंद करणे’ या अर्थाचे ‘झाव्र्झीत’ आणि ‘उघडणे’ या अर्थाचे ‘ओतेव्र्झीत’ ही क्रियापदे झाली. आपल्या ‘आवरण’ आणि ‘अपावृत’ या शब्दांतला संस्कृत ‘वृ’ धातू त्याच घराण्यातला आहे. इंग्रजीने या वस्तूंना त्यांच्या आकारावरून नाव दिले, चेकने त्यांच्या कामावरून. बंद करणारी वस्तू एका धातूखाली गेली आणि फिरवून जोडणारी वस्तू जर्मनमधून आलेल्या शब्दाखाली.

‘झास्तृच्का’ मात्र वेगळ्या मुळाची आहे: ‘आत खुपसणे’ या क्रियापदावरून ती आली. दाराची लहान सरकती कडी, जिला आपले सुतार टॉवर बोल्ट म्हणतात, ती झास्तृच्का. विजेच्या प्लगलाही हाच शब्द आहे. फाटकाचे पत्रक वाचताना संदर्भ स्पष्ट असतो, पण भागांच्या यादीत नुसते ‘झास्तृच्का’ लिहिले तर वाचणाऱ्याला प्लग वाटण्याची शक्यता आहे, म्हणून यादीत ‘फाटकाची’ हे विशेषण जोडावे.

उरलेले अर्थ चटकन सांगता येतील. आकाशातली वीज ‘ब्लेस्क’. अनपेक्षित आघातासाठी चेक लोकही निरभ्र आकाशातून पडलेली ब्लेस्क म्हणतात. आडव्या धनुष्याचा बाण ‘शिप्का’, शब्दशः लहान बाण. कापडाच्या ताग्याला ‘श्तूचेक’ किंवा नुसते ‘रोले’. घोडा उधळतो तेव्हा, भाजी अवेळी फुलोऱ्यावर येते तेव्हा आणि माणूस घास न चावता गिळतो तेव्हा इंग्रजीत ‘बोल्ट’ हेच क्रियापद चालते, पण चेकमध्ये तिन्हींसाठी तीन वेगळी क्रियापदे आहेत आणि त्यांचा श्रोउबशी काहीही संबंध नाही. पीठ चाळण्याचा इंग्रजी ‘बोल्ट’ तर मुळातच निराळा शब्द आहे. तो फ्रेंचमधून आलेला असून केवळ रूपाने सारखा झाला आहे.

जोडण्याच्या क्रियापदांत उपसर्ग महत्त्वाचे. दोन सारखे भाग एकमेकांना जोडायचे तर ‘सेश्रोउबोवत’, एक भाग दुसऱ्या मोठ्या भागावर बसवायचा तर ‘प्र्शिश्रोउबोवत’, आणि काढायचा तर ‘ओद्श्रोउबोवत’. इंग्रजी पत्रकात तिथे बहुतेक वेळा एकच क्रियापद असते, त्यामुळे अनुवादकाला आकृती पाहूनच उपसर्ग ठरवावा लागतो. बिजागरी खांबावर बसते, म्हणून या पत्रकात दुसरे रूप हवे.

एक सापळा मात्र नेमका याच पत्रकात आहे. चेकमध्ये ‘व्रातोवी श्रोउब’ असा नग मिळतो आणि त्याचा शब्दशः अर्थ ‘फाटकाचा बोल्ट’ असा होतो. तो वाचून कुणालाही वाटेल की फाटक बंद करण्याचा बोल्ट तो हाच. प्रत्यक्षात इंग्रजीत ज्याला कॅरेज बोल्ट म्हणतात तो हा नग: डोके गोल आणि गुळगुळीत, त्याखाली चौकोनी मान, जी लाकडात रुतून बसते आणि बोल्ट फिरू देत नाही. बाहेरच्या बाजूने पाना लावायला जागाच नसते, नट आतून आवळतात, म्हणून फाटकांवर तो सोयीचा. तेव्हा पत्रकातल्या पहिल्या ‘बोल्ट’साठी नुसत्या श्रोउबऐवजी ‘व्रातोवी श्रोउब’ लिहिले तर चेक सुताराला नेमका नग कळेल, अर्थात आकृतीत गोल डोके दाखवलेले असेल तरच. आणि दुसऱ्या ‘बोल्ट’साठी, तो पट्टीवर सरकणारा लहान दांडा असेल तर ‘झास्तृच्का’, आणि संपूर्ण फाटकावर आडवा पडणारा असेल तर ‘झावोरा’ घ्यावा.