वाईत घर घेण्याआधी

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. गंगापुरीतलं जुनं घर, मागे परसू, दहा पावलांवर कृष्णेचा घाट आणि पुण्यातल्या वन बीएचकेच्या निम्म्याहून कमी किंमत. तुझा जीव त्यात अडकला यात नवल नाही. मला तर तुझा बेत मनापासून आवडला. वाईसारख्या गावात तरुण माणसं राहायला आली नाहीत तर ही घरं एकेक करून पडतील. म्हणूनच म्हणतो, घे, पण घाईने घेऊ नकोस.

नदीकाठचं जुनं घर स्वस्तात मिळतं, त्यामागे बहुतेक वेळा सह्यांचा नाहीतर पाण्याचा घोळ असतो. माझं निम्मं आयुष्य अशाच दस्तांत गेलं, त्यामुळे आधी सह्यांचं सांगतो.

भूमी अभिलेख कार्यालयातून मिळकत पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड काढ, ऑनलाइनही मिळते. धारक म्हणून नाव कोणाचं आहे ते बघ. जुन्या घरांच्या पत्रिकेवर पुष्कळदा अजून आजोबांचंच नाव असतं आणि तुझ्याशी बोलणारा असतो नातू. किल्ली त्याच्याकडे, घरपट्टी तो भरतो, माणूसही सज्जन असेल. पण घर त्याच्या एकट्याचं नसतं. सगळ्या वारसांची नोंद झाली आहे का, वाटणीपत्र झालं असेल तर ते नोंदवलेलं आहे का, हे कागदावर बघायचं, तोंडी ऐकायचं नाही.

बहिणींच्या हिश्शाबाबत तर डोळ्यांत तेल घालून बघ. ‘आमच्या आत्या काही मागणार नाहीत’ हे तुला हमखास ऐकायला मिळेल. तोंडी सोडलेला हक्क सुटत नाही. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मतः हिस्सा मिळाला. वडील त्याआधी वारले असले तरी तो हिस्सा जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केलं. आत्या इंदूरला असो की अमेरिकेत, तिचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र तरी हवं, नाहीतर खरेदीखतावर सही तरी. येणं जमत नसेल तर दुसऱ्याला सहीचा अधिकार देणारं रीतसर कुलमुखत्यारपत्र करता येतं. आणि कायद्यापलीकडचंही सांगतो: जिचं माहेर तू विकत घेते आहेस तिला निदान एक फोन कर.

पत्रिकेवर ‘सत्ताप्रकार’ हा रकाना असतो, म्हणजे जागा कोणत्या हक्काने धारण केली आहे ते; तोही वाच. घाटाघाटावर देवळं असलेलं गाव आहे; जागा देवस्थान इनामाची, म्हणजे देवळाला इनाम दिलेली निघाली तर सरकारी परवानगीशिवाय व्यवहारच होत नाही. माडीवरच्या एखाद्या खोलीला कुलूप दिसलं तर ते कोणाचं, हे विचार. जुना भाडेकरू असेल तर 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याचं संरक्षण त्याला आहे आणि घराबरोबर तोही तुझ्याकडे येईल. मालकी कोणाकडून कोणाकडे गेली याचा तीस वर्षांचा शोध अहवाल तिथल्याच वकिलाकडून करून घे आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस दे. हा खर्च वाचवू नकोस.

आता पाणी. ढोल्या गणपतीच्या देवळाला मागच्या बाजूने फेरी मार. पेशव्यांचे सरदार रास्ते यांनी 1762 मध्ये ते बांधलं तेव्हा मागची भिंत माशाच्या आकाराची केली, पुराचा लोंढा दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जावा म्हणून. नदी इथपर्यंत येणार हे बांधणाऱ्यांनी धरूनच चाललं होतं, तूही धरून चाल. वरच्या अंगाला धोम धरण आहे आणि पावसाळ्यात तिथून पाणी सुटलं की घाट बुडतात. घर पूररेषेच्या कुठल्या बाजूला आहे ते नगरपरिषदेकडून लेखी घे. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळीच्या आत असेल तर उद्या घर पाडून नवं बांधायला कडक अटी आड येतील. शेजारच्या आजींनाही विचार, पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं होतं. त्या बोटाने दाखवतील.

घर भर पावसात बघ. भिंती मातीच्या असतील आणि त्यांवर वरून सिमेंटचा गिलावा मारला असेल, तर आतली ओल बाहेर पडायला वाट राहत नाही. ती चढत जाते आणि तुळईचं, म्हणजे छत पेलणाऱ्या आडव्या लाकडाचं टोक जिथे भिंतीत शिरतं तिथे लाकूड कुजवते. नेमकं तिथेच किल्लीने ठोकून बघ. सागवान खणखणीत वाजतं, पोखरलेलं असेल तर आवाज बद्द येतो. खांबाच्या कडेने वाळवीची मातीची बारीक रेघ वर गेलेली दिसली तर सुतार आणि जुन्या बांधकामाचा जाणकार इंजिनिअर दाखवल्याशिवाय पुढची बोलणी करू नकोस. जोतं, म्हणजे घराचा जमिनीवरचा पाया, दगडी आणि सरळ रेषेत असेल तर बाकीचं दुरुस्त होतं.

पैशाचं थोडक्यात. घर तुझ्या एकटीच्या नावावर घेतलंस तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. जुन्या बांधकामावर बँक हात आखडता घेते, म्हणून कर्जाचं आधी विचार, विसार म्हणजे आगाऊ रक्कम नंतर दे. दुरुस्तीची रक्कम पहिल्या दिवसापासून वेगळी ठेव. ‘त्यापेक्षा गावाबाहेर शेतातले दोन गुंठे घ्या’ असं कोणी सुचवलं तर तिकडे फिरकू नकोस. शेतकरी नसताना शेतजमीन घेता येत नाही.

मिळकत पत्रिकेची प्रत हाती आली की मला पाठव, सोबत वारसांची नावं आणि कोण कुठे राहतं तेही लिही. हक्कसोडपत्रांचा मसुदा मी करून देतो. तोवर विसारपावतीवर सही करू नकोस.

तुझा,
काका