'सेरान लास त्रेस': तीन वाजतील की वाजले असतील?

प्रश्न असा आला आहे: स्पॅनिश गोष्टीत एक जण विचारतो, हुआन कुठे आहे? दुसरा म्हणतो, 'एस्तारा एन कासा'. 'एस्तारा' हे साध्या भविष्यकाळाचं रूप, मग 'तो घरी राहील' असं म्हणायचं का?

नाही हो. 'घरी असेल' म्हणा, काम झालं. आपलं 'असेल' तरी कुठे नेहमी उद्याचं असतं? 'आत्ता घरी असेल' हा वर्तमानाबद्दलचा अंदाजच आहे. स्पॅनिशचा भविष्यकाळ नेमकं हेच करतो. म्हणून 'सेरान लास त्रेस' म्हणजे 'तीन वाजले असतील'. इंग्रजीतून स्पॅनिश शिकणारे इथे अडखळतात. मराठी माणसाने अडखळायचं कारण नाही.

रूपं करणं सोपं आहे. इतर बहुतेक काळांत क्रियापदाचं शेपूट कापावं लागतं, इथे अख्खं मूळ रूप ठेवून पुढे प्रत्यय लावायचा: आब्लार (बोलणे) वरून आब्लारे, आब्लारास, आब्लारा, आब्लारेमोस, आब्लारेइस, आब्लारान. कोमेर (खाणे), बिबिर (जगणे) यांनाही हेच सहा प्रत्यय. आघात मात्र प्रत्ययावर हवा. 'आब्लारा'त तो 'ब्ला'वर गेला, तर ते भविष्यकाळाचं रूपच राहत नाही.

हे प्रत्यय आले कुठून, हा मला सगळ्यात आवडणारा भाग. 'आबेर' या सहायक क्रियापदाची वर्तमानकाळी रूपं म्हणून पाहा: ए, आस, आ, एमोस, आबेइस, आन. एका 'आबेइस'चं डोकं उडालं, बाकी जशीच्या तशी. बोली लॅटिनमध्ये 'कांतारे हाबेओ' म्हणत, म्हणजे जवळपास आपलं 'मला गायचं आहे'. ते दोन शब्द एकमेकांना चिकटले आणि 'कांतारे', म्हणजे 'मी गाईन', तयार झालं. जुन्या स्पॅनिशमध्ये या दोन तुकड्यांच्या मधे सर्वनाम घुसत असे. पोर्तुगीजच्या लेखी भाषेत ते अजूनही घुसतं.

अनियमित क्रियापदं जेमतेम डझनभर, आणि प्रत्यय त्यांनाही तेच. तेनेर (जवळ असणे) मधला दुसरा 'ए' गळला, 'न' आणि 'र' शेजारी आले आणि मधे 'द' उगवला: तेंद्रे. बोलीत वानराचा वांदर होतो, तोच प्रकार. पोनेर (ठेवणे), बेनिर (येणे) यांचंही तसंच. आसेर (करणे) आणि देसिर (सांगणे) यांचे आरे, दिरे मात्र सरळ पाठ करावेत.

रोजच्या बोलण्यात ठरलेल्या बेतासाठी 'बोय आ कोमेर' (मी खाणार आहे) हीच घडण जास्त कानावर पडते, विशेषतः लॅटिन अमेरिकेत. अंदाजाचं काम साध्या भविष्यकाळाकडेच राहतं.

मराठी दगा देते ती एकाच ठिकाणी. 'तो येईल तेव्हा सांगेन' यातल्या 'येईल'साठी 'क्वांदो बेंद्रा' म्हणायचा मोह होतो. ते चूक. तिथे 'क्वांदो बेंगा' असं संशयार्थी रूप, म्हणजे अजून न घडलेल्या गोष्टीसाठीचं वेगळं रूप, लागतं. भविष्यकाळ फक्त 'सांगेन'ला. 'तो केव्हा येईल?' असा थेट प्रश्न असेल, तर मात्र 'क्वांदो बेंद्रा?' अगदी बरोबर.