वाचकांचे प्रश्न : केनियातील सोयाबीन, मलावीतील तूर

प्रश्न : माझी मुलगी कृषी पदवीधर असून लवकरच पश्चिम केनियातील लहान शेतकऱ्यांबरोबर काम करण्यासाठी जाणार आहे. आपण सोयाबीनच्या दहा किलो बियाण्याला २५० ग्रॅम रायझोबियम (मुळांवर गाठी करणारे जिवाणू) चोळून पेरतो. हीच पद्धत तिने तिकडे शिकवली तर चालेल का?
– एक शेतकरी, परभणी

उत्तर : जशीच्या तशी शिकवू नये, असे मी आग्रहाने सांगेन. मुळांवरच्या गाठींतील जिवाणू हवेतील नत्र पिकाला मिळवून देतात, हे परभणीत जितके खरे तितकेच पश्चिम केनियातील काकामेगातही खरे आहे. परंतु आफ्रिकेत २००९ साली सुरू झालेल्या ‘एन-टू-आफ्रिका’ या प्रकल्पाने नत्र किती मिळेल हे ठरवणाऱ्या वाण, जिवाणू, परिस्थिती आणि व्यवस्थापन या चार गोष्टींची मांडणी बेरजेने न करता गुणाकाराने केली, ती तिने मनात ठेवावी. गुणाकारात एक संख्या शून्य असली की बाकीच्यांचा उपयोग उरत नाही.

तिथे बहुधा कमी पडतो तो स्फुरद (फॉस्फरस). पश्चिम केनियात अनेक ठिकाणी तांबड्या, आम्लधर्मी जमिनी आहेत आणि त्यांतील लोह व अॅल्युमिनियमची संयुगे स्फुरद धरून ठेवतात. नत्र स्थिर करण्याच्या कामाला स्फुरद भरपूर लागतो, त्यामुळे तो नसलेल्या जमिनीत जिवाणूंचे उत्तम पाकीटही वाया जाते. शिवाय सगळ्या शेताला एकच माप लावता येत नाही. अनेक कुटुंबांकडे एक हेक्टरपेक्षा कमी जमीन असते, तरी तेवढ्यातही घराजवळचा तुकडा वर्षानुवर्षे शेणखत, राख आणि केरकचरा मिळून सुपीक झालेला असतो, तर लांबचा तुकडा इतका खंगलेला असतो की नुसते खत टाकूनही त्यावर पीक सुधारत नाही. तिथे आधी शेणखताने जमिनीत जीव आणावा लागतो. आपल्याकडेही गावालगतचे पांढरीचे रान आणि माळावरचे रान यांत असाच फरक असतो, म्हणून हे समजायला तिला अवघड जाणार नाही.

संवर्धक, म्हणजे बियाण्याला चोळायचे हे जिवाणूंचे पाकीट, हा सजीव माल आहे. केनियात ‘बायोफिक्स’ नावाने ते तयार होते, पण दुकानाच्या पत्र्याखाली तापलेले पाकीट कामाचे राहत नाही. ते थंड जागी ठेवावे, बियाणे सावलीत चोळावे, रासायनिक खताशी त्याचा संपर्क होऊ देऊ नये आणि ओल असतानाच पेरणी उरकावी. जिथे संवर्धक पोहोचतच नाही, तिथे वाणाचा आधार घेता येतो. नायजेरियातील इबादान येथील आंतरराष्ट्रीय उष्णकटिबंधीय कृषी संस्थेने ‘टीजीएक्स’ मालिकेतील सोयाबीनचे वाण याच विचाराने विकसित केले. जमिनीत मूळच्याच असलेल्या जिवाणूंशीही त्यांचे जमते. मला हा उपाय फार मोलाचा वाटतो, कारण शेतकऱ्याला दर हंगामात पाकिटासाठी कुणाच्या तोंडाकडे पाहावे लागत नाही.

पिकाची निवड मात्र घरातील स्वयंपाक पाहून करावी. तिथल्या जेवणाचा आधार मका आहे; मका आणि घेवड्याचे दाणे एकत्र शिजवून ‘गिथेरी’ही करतात. त्यामुळे मका काढून टाका, असे सांगणाऱ्याचे कुणी ऐकणार नाही. यावर तिथल्याच संशोधनातून ‘म्बिली’ ही पद्धत पुढे आली. स्वाहिली भाषेत ‘म्बिली’ म्हणजे दोन. मक्याच्या दोन ओळी जवळ घेऊन पुढे रुंद पट्टा सोडतात व त्यात द्विदल पिकाच्या दोन ओळी पेरतात. मक्याची झाडे तेवढीच राहतात आणि खालच्या पिकाला ऊन मिळते. घेवडा स्वतः नत्र कमी बांधतो, त्यामुळे संवर्धकाचा मोठा परिणाम त्यावर दिसेलच असे नाही, हे तिने आधीच सांगून टाकावे.

पहिल्या हंगामात शेतकऱ्याच्याच रानात चार लहान वाफे करावेत : एक तसाच, एकाला केवळ संवर्धक, एकाला केवळ स्फुरद आणि चौथ्याला दोन्ही. पीक फुलोऱ्यात आल्यावर रोप न उपटता मुळांसकट खणून काढावे आणि गाठी चिरून पाहाव्यात. आतून गुलाबी किंवा लालसर असलेली गाठ कामाला लागलेली असते, पांढरी किंवा हिरवी नसते. हे पाहताना घरातील बाई शेतात हजर असलीच पाहिजे, कारण पेरणी आणि खुरपणीचा बराचसा भार तिच्यावर असतो.

प्रश्न : आमच्या डाळ मिलमध्ये आफ्रिकेतील तूर येते. मलावीतील शेतकरी ती कशी घेतात?
– एक व्यावसायिक, लातूर

उत्तर : पुष्कळदा मक्यात आंतरपीक म्हणून घेतात. भुईमुगात तूर घेण्याची जोडपद्धतही तिथे आहे : तूर सुरुवातीला सावकाश वाढते, तोवर भुईमूग निघून जातो, आणि तुरीचा गळलेला पाला पुढच्या मक्याला उपयोगी पडतो. खरी अडचण मक्याच्या काढणीनंतर येते. त्या वेळी शेळ्या मोकळ्या सोडण्याची रीत असल्याने उशिरा पक्व होणारी तूर त्या खाऊन टाकतात. म्हणून तिथे लवकर येणारा वाण किंवा गावाने मिळून ठरवलेली चराईबंदी, यांपैकी काहीतरी हवेच. भारताने ऑगस्ट २०१७ मध्ये तुरीच्या आयातीवर वर्षाला २ लाख टनांची मर्यादा घातली, तेव्हा तिथले भाव कोसळले आणि त्याची झळ या लहान शेतकऱ्यांना बसली. पुढे २०२१ मध्ये भारताने मलावीशी दरवर्षी ५० हजार टन तुरीचा पाच वर्षांचा करार केला. आपल्या मिलमध्ये येणारे एखादे पोते अशा शेळ्यांपासून राखलेल्या रानातले असू शकते.