जायचो आणि जायची सवय

नाशिकरोडच्या एका पासधारकाने विचारलं आहे : 'मुलाखतीत मी "आय ॲम यूज्ड टु ट्रॅव्हल बाय पंचवटी एक्सप्रेस" म्हणालो. समोरच्या बाईंनी तिथल्या तिथे "ट्रॅव्हलिंग" अशी दुरुस्ती केली. पण "टु"नंतर क्रियापदाचं मूळ रूप, असंच शाळेत घोकलंय. चूक कुणाची?'

बाईंचं बरोबर आहे. तुमचा घोळ मात्र शाळेपेक्षा मराठीने केला असावा. 'मी पंचवटीने जायचो' आणि 'मला पंचवटीने जायची सवय आहे' ही वाक्यं शेजारी ठेवून पाहा. 'जायच' दोन्हीकडे आहे. एकात सवय सुटलेली, दुसऱ्यात ती अंगवळणी पडलेली.

इंग्रजीतही 'यूज्ड टु' दोन्हीकडे तेच दिसतं, पण 'टु' निराळा. 'आय यूज्ड टु ट्रॅव्हल'मधला क्रियापदाला चिकटलेला. 'आय ॲम यूज्ड टु'मधला आपल्या 'सवयी'आधीच्या 'ची'सारखा, त्याला नाम लागतं. आपण 'प्रवासाची सवय' किंवा 'प्रवास करण्याची सवय' म्हणतो, तसंच तिथे 'ट्रॅव्हलिंग'. शंका आली की क्रियापदाच्या जागी मिसळ ठेवून बघावी. 'आय ॲम यूज्ड टु मिसळ' चालतं, 'आय यूज्ड टु मिसळ' लंगडं पडतं. (नाशिककराला पहिलं वाक्य वेगळं सांगायलाही नको.)

बरं, 'ॲम' गाळून 'आय यूज्ड टु ट्रॅव्हल' म्हणाला असतात तर व्याकरण चोख, पण बाईंनी अर्थ काय घेतला असता? की पूर्वी जायचा, आता सोडलंत. 'नाशिक यूज्ड टु बी कॉल्ड गुलशनाबाद' म्हणजे आता म्हणत नाहीत, तसं. आणि 'आय यूज टु ड्रिंक टी' हे आजच्या सवयीसाठी सर्रास कानावर येतं, तेही चूकच. तिथे 'यूजुअली' म्हणा.

उच्चारही सांगून ठेवतो. सवयीच्या या दोन्ही अर्थांत इंग्रज 'यूस्टु' म्हणतो, स्पष्ट 'स'. 'वापरला जातो' या अर्थी मात्र 'यूझ्ड', आणि त्यापुढे मूळ क्रियापद बिनतक्रार चालतं : 'धिस टूल इज यूझ्ड टु कट ग्रेप्स', म्हणजे द्राक्षं कापायचं हत्यार. त्यामुळे तुमचं मूळ वाक्य व्याकरणात बसवायचंच तर बसतं. फक्त मग तुम्ही माणूस न राहता प्रवासासाठी वापरायची वस्तू होता.